पिवळ्या खोक्याचा धनी

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले युसूफ वडगाव असो वा पुण्याची सदाशिव पेठ, जुन्या घराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आजी-आजोबांचे एखादे कृष्णधवल छायाचित्र टांगलेले आढळते. ताठ बसलेली, कॅमेऱ्याकडे काहीशा धास्तीने पाहणारी ती माणसे. त्या छायाचित्रात जो काळा रंग दिसतो ती शाई नसते, ती असते चांदी. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपातील ही चांदी, तिला धरून ठेवणारा जिलेटिनचा पातळ थर आणि त्याखालचा कागद किंवा फिल्म, एवढ्या सामग्रीवर एका माणसाने जगातील अत्यंत किफायतशीर उद्योगांपैकी एक उभा केला. त्याचे नाव जॉर्ज ईस्टमन. त्याने स्थापलेली कोडॅक कंपनी शंभर वर्षे छायाचित्रणाच्या बाजारावर अधिराज्य करून जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. हा डोलारा कशावर उभा होता हे समजून घ्यायचे, तर ईस्टमन यांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वॉटरव्हिल या खेड्यात १२ जुलै १८५४ रोजी जॉर्ज यांचा जन्म झाला. वडिलांची रोचेस्टर शहरात हिशेब व व्यापारी पत्रव्यवहार शिकवणारी शाळा होती. जॉर्ज आठ वर्षांचे होण्याआधीच, १८६२ मध्ये, वडील वारले आणि शाळाही बुडाली. आई मारिया यांनी घरात भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून संसार रेटला. दोन थोरल्या बहिणींपैकी केटी पोलिओने अधू झाली होती. ती १८७० मध्ये गेली. हे दारिद्र्य जॉर्ज आयुष्यभर विसरले नाहीत. शाळा सुटली ती चौदाव्या वर्षी. एका विमा कचेरीत आठवड्याला ३ डॉलरवर निरोप्याचे काम मिळाले. त्या वयातही ते पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवत. १८७४ मध्ये रोचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकुनी मिळाली, आठवड्याचा पगार १५ डॉलरवर गेला, तेव्हा घराला जरा श्वास घेता आला.

छायाचित्रणाशी त्यांचा संबंध आला तो एका रद्द झालेल्या सहलीमुळे. १८७७ मध्ये त्यांच्या मनात सँतो दोमिंगोला जाण्याचे होते आणि प्रवासाची चित्रे घ्यावीत असे कुणीतरी सुचवले. त्यांनी कॅमेऱ्याचे सगळे साहित्य विकत घेतले. सगळे म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो वाळण्याच्या आत चित्र घ्यायचे आणि लगेच काच धुवायची, अशी पद्धत होती. त्यासाठी कॅमेऱ्याबरोबर तिवई, तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याची भांडी असा घोडाभर बोजा न्यावा लागे. ईस्टमन त्या सहलीला गेलेच नाहीत. ही कटकट कमी कशी करता येईल हा भुंगा मात्र त्यांच्या डोक्यात शिरला तो कायमचा.

इंग्रजी नियतकालिकांत त्यांना वाचायला मिळाले की, जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा थर काचेवर वाळवून ठेवता येतो आणि अशी कोरडी काच महिनोन्‌महिने वापरता येते. दिवसभर बँकेत खर्डेघाशी करून ते रात्री आईच्या स्वयंपाकघरात हा मसाला शिजवू लागले. असे सुमारे तीन वर्षे चालले. काचांवर थर देण्याचे यंत्र त्यांनी तयार केले, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतही मिळवले. १८८० मध्ये रोचेस्टरमध्ये एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेऊन कोरड्या काचांचे उत्पादन सुरू झाले. भांडवल दिले ते हेन्री स्ट्राँग यांनी. स्ट्राँग हे बग्गीच्या घोड्यांचे चाबूक बनवणारे कारखानदार आणि ईस्टमन यांच्या आईचे भाडेकरू. जानेवारी १८८१ मध्ये भागीदारी झाली आणि सप्टेंबरमध्ये ईस्टमन यांनी बँकेचा राजीनामा दिला.

दुसऱ्याच वर्षी हा धंदा बुडायच्या बेतात आला. १८८२ मध्ये व्यापाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या की, काचांवर चित्रच उमटत नाही. ठेवून दिलेल्या काचांची प्रकाश टिपण्याची शक्ती ओसरत होती. पुढे तर नव्याने केलेला मसालाही बिघडू लागला. ईस्टमन यांनी कारखाना बंद ठेवला, विकला गेलेला माल परत घेऊन बदलून देण्याचे ठरवले आणि शेकडो प्रयोग केले. यश येईना. अखेर ते व स्ट्राँग इंग्लंडला गेले आणि न्यूकॅसलच्या मॉसन अँड स्वान या नामांकित कारखान्यात मसाल्याची पद्धत शिकून आले. दोष त्यांच्या कृतीत नव्हता, पुरवठादाराकडून येणाऱ्या जिलेटिनमध्ये होता. कंपनीची गंगाजळी या प्रकरणात जवळजवळ संपली; पण व्यापाऱ्यांचा विश्वास मात्र कायमचा मिळाला. पुढे कच्चा माल स्वतः बनवायचा किंवा त्याच्या उगमापर्यंत जाऊन ताब्यात ठेवायचा, हा जो हट्ट ईस्टमन यांनी धरला त्याचे मूळ या फजितीत आहे.

जिलेटिनचे हे कोडे पुरते सुटायला आणखी चाळीस वर्षे लागली. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून निघते. काही जिलेटिन चांगले का आणि काही निकामी का, हे कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास शोधून काढले. ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीवर्गीय वनस्पती असत, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकयुक्त द्रव्याचा अत्यल्प अंश उतरे आणि त्यामुळेच चांदीचे क्षार प्रकाशाला तत्परतेने प्रतिसाद देत. गायींना मोहरी गोड लागली नसती तर जगाला चित्रपट दिसले नसते, असा विनोद त्यानंतर कोडॅकमध्ये रूढ झाला.

कोरड्या काचांचा धंदा स्थिरावला तसे प्रतिस्पर्धीही उगवले आणि भाव पडू लागले. दुसरा एखादा कारखानदार असता तर त्याने खर्च कापून तग धरली असती. ईस्टमन यांनी स्वतःच्याच मालाला मारक ठरेल असा माल शोधायला घेतला. काचेऐवजी कागदाच्या गुंडाळीवर मसाला देऊन ती कॅमेऱ्यात बसवायची, अशी त्यांची कल्पना होती. विल्यम वॉकर यांच्या साह्याने १८८५ मध्ये अशी गुंडाळी व ती धरणारे साधन बाजारात आले. व्यावसायिक छायाचित्रकारांनी त्याला नाक मुरडले. काचेइतके स्वच्छ चित्र कागदावरून येत नाही, हा त्यांचा आक्षेप खरा होता. मग ईस्टमन यांनी गिऱ्हाईकच बदलले. ज्यांना छायाचित्रणातले काहीच कळत नाही अशा माणसांना ही गुंडाळी विकायची असे त्यांनी ठरवले, आणि येथेच खरी कोडॅक जन्माला आली.

१८८८ मध्ये त्यांनी एक लहानशी पेटी विक्रीस काढली. किंमत २५ डॉलर, म्हणजे बँकेतील त्यांच्या जुन्या पगाराच्या दीडपटीहून थोडी अधिक. आत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली. कळ दाबायची, किल्ली फिरवायची आणि दोरी ओढायची एवढेच काम. शंभर चित्रे संपली की पेटीच रोचेस्टरला पाठवायची. १० डॉलरमध्ये चित्रे धुऊन, छापून आणि नवी गुंडाळी भरून पेटी परत येई. बटण दाबण्याचे काम तुमचे व बाकीचे आमचे, या अर्थाची जाहिरात ईस्टमन यांनी स्वतः लिहिली. नावही त्यांनीच घडवले. कोणत्याही भाषेत अर्थ नसलेला, उच्चारायला सोपा, बिघडवता न येणारा शब्द त्यांना हवा होता. ‘के’ या अक्षराचे त्यांना वेड होते. आईचे माहेरचे किलबर्न हे नाव त्याच अक्षराने सुरू होई.

या योजनेतील व्यापारी मर्म त्या १० डॉलरमध्ये आहे. पेटी एकदाच विकली जाणार होती, गुंडाळी मात्र पुन:पुन्हा. बाळाचा जन्म, लग्न, सहल, प्रत्येक प्रसंगी ती संपणार आणि प्रत्येक वेळी रोचेस्टरच्या गल्ल्यात पैसे पडणार. १९०० मध्ये त्यांनी मुलांसाठी ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला आणला आणि त्यातील फिल्म १५ सेंटला. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक ब्राउनी खपले. कॅमेऱ्यात नफा जवळजवळ नव्हताच. तो फिल्ममध्ये व कागदात होता. लग्नसराईत आपल्याकडचे छायाचित्रकार ज्या १२० क्रमांकाच्या रोलवर बारा चित्रे काढत असत, तो रोल कोडॅकने १९०१ मध्ये याच ब्राउनीच्या थोरल्या भावंडासाठी काढला होता. पाठीवरच्या तांबड्या खिडकीतून आकडा पाहून रोल पुढे सरकवणे अॅग्फा क्लिक-३ वापरलेल्या पिढीला आठवत असेल. ती युक्ती बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर यांची. ईस्टमन यांनी १८९५ मध्ये त्यांची कंपनीच विकत घेतली.

विकत घेणे हे ईस्टमन यांचे आवडते हत्यार होते आणि या बाबतीत त्यांचे चरित्र फारसे सोज्वळ नाही. कागदाचेच पाहा. छायाचित्राचा कागद लोहमुक्त पाण्यावर बनवावा लागे, नाहीतर त्यावर डाग उठत. असा निर्दोष कागद प्रामुख्याने दोन ठिकाणी होई, फ्रान्समधील रीव्ह आणि तेव्हा जर्मनीत असलेले माल्मेदी. १८९८ मध्ये ईस्टमन यांनी या कारखान्यांशी करार करून उत्तर अमेरिकेतील पुरवठा आपल्याकडे ओढून घेतला. प्रतिस्पर्ध्यांचा श्वास कोंडला. दिव्याच्या उजेडात छापता येणारा व्हेलॉक्स हा कागद लिओ बेकलंड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने काढला होता, तोही ईस्टमन यांनी १८९९ मध्ये विकत घेतला. त्यासाठी साडेसात लाख डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. त्या पैशातून बेकलंड यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि पुढे बेकेलाइट शोधून काढले. प्लॅस्टिकच्या युगाचा आरंभ असा छायाचित्राच्या कागदातून झाला.

फिल्मचा वाद याहून कटू होता. काच व कागद या दोहोंना बाजूस सारणारी पारदर्शक, लवचिक फिल्म १८८९ मध्ये बाजारात आली. ती तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ हेन्री रायकेनबाख यांना तीनच वर्षांत, प्रतिस्पर्धी कंपनी काढण्याच्या बेतात असल्याच्या कारणावरून ईस्टमन यांनी काढून टाकले. त्यानंतर काही काळ फिल्मची प्रत घसरली. अधिक गंभीर होती ती हॅनिबल गुडविन यांची तक्रार. न्यू जर्सीतील या वृद्ध धर्मोपदेशकाने अशाच फिल्मसाठी १८८७ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. ते मिळायला ११ वर्षे लागली आणि उत्पादन उभे राहण्यापूर्वीच, १९०० च्या अखेरच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांचे हक्क घेतलेल्या कंपनीने कोडॅकवर दावा लावला. १९१४ मध्ये निकाल कोडॅकविरुद्ध गेला आणि ५० लाख डॉलर भरावे लागले. कोडॅकला ही रक्कम जड गेली नाही. ज्याच्या हक्काची ती होती तो मात्र पाहायला उरला नव्हता.

या पारदर्शक फिल्मनेच चित्रपट शक्य केला. एडिसन यांचे सहायक डिक्सन यांनी ईस्टमन यांच्याकडून फिल्म मागवली आणि ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी रूढ झाली. ती भारतात पोहोचली तेव्हा एका मराठी माणसाच्या घरी काय घडले हे सर्वश्रुत आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची व तिला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली. फिल्म येई ती बिनभोकांची. दादरच्या घरी रात्रीच्या अंधारात ही भोके पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई करीत. घरात कामाला असलेल्या मंडळींचा स्वयंपाक, मुलेबाळे सांभाळून त्यांनी हे केले. रोचेस्टरच्या एका विधवेच्या स्वयंपाकघरात जन्मलेला उद्योग असा मुंबईतील दुसऱ्या स्वयंपाकघराच्या आधाराने येथे रुजला. सुमारे ३७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला.

त्याआधीच्या पिढीशी तुलना केली तर फरक कळतो. बीड परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे स्टुडिओ सिकंदराबाद आणि मुंबईत होते. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसत ते राजेरजवाडे, अमीर-उमराव आणि इंग्रज अंमलदार. सामान्य कुटुंबाची सावली कागदावर उतरायला रोलच्या फिल्मची आणि स्वस्त कागदाची वाट पाहावी लागली. मात्र या फिल्मला एक शाप होता. ती नायट्रेटची असल्याने भडका घेई. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा मोठा ऐवज राख झाला.

धंद्याची घडी बसल्यावर ईस्टमन यांनी दोन गोष्टींकडे लक्ष दिले, संशोधन आणि कामगार. १९१२ मध्ये केनेथ मीस या इंग्रज शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेसाठी आणायचे होते. मीस आपली क्रॉयडनची कंपनी सोडायला तयार नव्हते, तेव्हा ईस्टमन यांनी ती कंपनीच घेऊन टाकली. त्याच वर्षी कामगारांना नफ्याशी निगडित लाभांश देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडील दिवाळीच्या बोनससारखी रोचेस्टरची अवघी बाजारपेठ या रकमेची वाट पाहत असे. १९१९ मध्ये त्यांनी स्वतःच्या समभागांपैकी सुमारे एक कोटी डॉलरचा हिस्सा कामगारांसाठी दिला. निवृत्तिवेतन, विमा, वैद्यकीय मदत यांची व्यवस्था त्यांच्या हयातीतच उभी राहिली. यामागे दयाबुद्धी होती तशीच कामगार संघटनांना दाराबाहेर ठेवण्याची चतुराईही होती. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांना लाखो डॉलर देणाऱ्या या माणसाच्या कारखान्यात कृष्णवर्णीयांना नोकरी मिळणे मात्र दुरापास्त होते. या विसंगतीची किंमत कंपनीला १९६० च्या दशकात, रोचेस्टरमधील आंदोलनांच्या रूपाने मोजावी लागली.

सरकारचीही नजर होती. मक्तेदारीविरोधी खटल्यात १९१५ मध्ये न्यायालयाने कोडॅकला दोषी धरले आणि १९२१ मध्ये तडजोड होऊन काही नाममुद्रा विकाव्या लागल्या. कंपनीच्या तब्येतीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. गिऱ्हाईकाला दुसरीकडे जावेसे वाटतच नव्हते.

व्यक्ती म्हणून ईस्टमन अबोल, हट्टी आणि एकाकी होते. त्यांनी लग्न केले नाही. आई हेच त्यांचे घर. १९०७ मध्ये ती गेली तेव्हा हा कठोर समजला जाणारा माणूस दिवसभर रडत होता. त्यांच्या रोचेस्टरमधील वाड्यात रोज सकाळी न्याहारीच्या वेळी ऑर्गन वाजत असे. संगीताची बैठक जरा लांबट हवी असे वाटल्यावर त्यांनी १९१९ मध्ये वाडा मधोमध कापून मागचा भाग नऊ-साडेनऊ फूट सरकवला.  वर्षाचे तेरा समान महिने करावेत, या कल्पनेचाही त्यांनी ध्यास घेतला. जगाने ती मानली नाही. कोडॅकच्या कचेऱ्यांतील हिशेब मात्र १९२८ पासून १९८९ पर्यंत तेरा महिन्यांच्या वर्षावरच चालत होते.

पैसा मिळवण्याइतकाच तो देऊन टाकण्यात त्यांनी आनंद मानला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १९१२ पासून कोणी एक मिस्टर स्मिथ लाखो डॉलर देत होते. ते ईस्टमन आहेत हे १९२० मध्ये उघड झाले. या संस्थेला त्यांनी दिलेली एकूण रक्कम सुमारे दोन कोटी डॉलर होते. रोचेस्टर विद्यापीठ, तेथील संगीतशाळा, लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स व स्टॉकहोम येथील मुलांचे दंतचिकित्सालय अशी ही यादी लांबत जाते. १९२५ मध्ये त्यांनी रोजच्या कारभारातून अंग काढून घेतले, आफ्रिकेत दोनदा शिकारीच्या मोहिमा केल्या. पुढे मणक्याच्या दुखण्याने चालणे अवघड झाले. परावलंबी होऊन जगणे त्यांना मान्य नव्हते. १४ मार्च १९३२ रोजी, आपले काम झाले आहे, आता थांबायचे कशाला, अशा आशयाचा चार ओळींचा निरोप मागे ठेवून त्यांनी आयुष्य संपवले. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात कोडॅक अधिकच बहरली. १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या फिल्मपैकी सुमारे ९० टक्के कोडॅकची होती असा अंदाज आहे. भारतात सरकारने उटीला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. थंड, धूळमुक्त हवेत तिची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म व कागद बनत असे. पण जग रंगीत झाले तेव्हा ती मागे पडली आणि नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन बसली. त्याच दशकात आपल्या शहरांतून तासाभरात रंगीत चित्रे धुऊन देणारी चकचकीत दुकाने निघाली आणि कोडॅकचे पिवळे खोके पानपट्टीच्या शेजारीही दिसू लागले. धंद्याची प्रकृती बाहेरून पाहणाऱ्याला तेव्हा ठणठणीतच वाटली असती.

विषाची कुपी मात्र घरातच तयार झाली होती. १९७५ मध्ये कोडॅकचे तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी फिल्मविना चित्र टिपणारा कॅमेरा बनवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्र अंधुक आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. व्यवस्थापनाने ते कौतुकाने पाहिले आणि बाजूला ठेवले. कोडॅक झोपून राहिली, असे यावरून म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो पुरता न्याय्य नाही. कंपनीने डिजिटल संशोधनावर अफाट पैसा ओतला, पेटंटे मिळवली, डिजिटल कॅमेरेही विकले. अडचण होती ती ईस्टमन यांच्या सूत्रात. त्यांनी काच सोडून कागद धरला, कागद सोडून फिल्म धरली, पण प्रत्येक वेळी नवा मालही संपणाराच होता आणि तो बनवण्याची विद्या तीच होती, चांदी आणि जिलेटिनची. डिजिटल चित्रात काहीच संपत नाही. दहा चित्रे काढा की दहा हजार, कंपनीच्या गल्ल्यात फरक पडत नाही. फिल्मवर मिळणारा नफा इतका घसघशीत होता की, तो सोडून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तुटपुंज्या नफ्यात उतरायला कोणताही संचालक भागधारकांसमोर उभा राहिला नसता. जपानच्या फुजीने त्याच रसायनविद्येतून सौंदर्यप्रसाधने, औषधे आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यांना लागणारे पापुद्रे काढून वाट शोधली. कोडॅकनेही रसायनांचा मोठा उद्योग उभा केला होता. तो तिने १९९४ मध्ये वेगळा काढून दिला. माझ्या घरी काय पिकते यापेक्षा माझ्या घरी काय पिकवता येते, हा विचार फुजीला सुचला आणि कोडॅकला सुचला नाही, एवढे तरी म्हणता येते.

पुढचा उतार वेगाने झाला. २००५ मध्ये जर्मनीची अॅग्फाफोटो बुडाली, कोनिका-मिनोल्टाने २००६ मध्ये हा धंदा सोडण्याचे जाहीर केले. कोडॅकने २००५ मध्ये कृष्णधवल कागद बनवणे थांबवले, २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली. १९८२ मध्ये एकट्या रोचेस्टरमध्ये कंपनीचे ६० हजारांवर लोक कामाला होते. २०१२ मध्ये ते सात हजारांच्या आसपास उरले. कारखान्याच्या इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या तेव्हा जुने कामगार रस्त्यावर उभे राहून पाहत होते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत निवृत्त कर्मचाऱ्यांची वैद्यकीय मदत संपुष्टात आली, तीच मदत जिचा पाया ईस्टमन यांनी घातला होता. इंग्लंडमधील निवृत्तिवेतन निधीचे कंपनीकडे सुमारे २.८ अब्ज डॉलर येणे होते. तडजोड म्हणून २०१३ मध्ये छायाचित्रांची फिल्म विकण्याचा व कागदाचा व्यवसायच त्या निधीच्या हवाली करण्यात आला. म्हाताऱ्या कामगारांच्या पेन्शनसाठी फिल्म विकली जाऊ लागली. फिल्म बनवण्याचा कारखाना मात्र रोचेस्टरमध्ये मूळ कंपनीकडेच राहिला.

तो कारखाना त्यानंतरही चालला. हॉलिवूडमधील काही दिग्दर्शकांनी फिल्मचा आग्रह धरल्याने मोठ्या स्टुडिओंनी ठरावीक फिल्म घेत राहण्याचे करार केले. तरुण छायाचित्रकारांत रोल भरण्याची हौस पुन्हा उगवली आणि मागणी वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने नजीकच्या कर्जफेडीसाठी पैशाची पक्की तजवीज नसल्याने व्यवसाय चालू राहण्याबद्दल गंभीर शंका असल्याचे अधिकृत अहवालात नमूद केले. अमेरिकेतील निवृत्तिवेतन निधीत देण्यापेक्षा अधिक पैसा साठला होता, त्या शिल्लकेतून कर्ज फेडण्याचा बेतही जाहीर झाला. दोनच महिन्यांनी कंपनीने दोन रंगीत फिल्म स्वतः वितरकांना विकायला काढल्या. त्यांना नाव दिले कोडाकलर. हे नाव कोडॅकने पहिल्यांदा वापरले होते १९२८ मध्ये, घरगुती चलच्चित्रांच्या रंगीत फिल्मसाठी, तेव्हा जॉर्ज ईस्टमन हयात होते.